स्टेशन वॅगनची पहिली दिवाळी

वसुबारसेच्या सकाळी लहानूने लुगड्यांचा शेवटचा गठ्ठा गाडीत कोंबला, मागचं दार आपटलं आणि वळून पाहतो तर समोर मधुकरराव. धुतलेलं धोतर, काळी टोपी, हातात ऑइलचा डबा. डब्याला हळदकुंकू लावलेलं.

"व्याहीबुवा, झाली का तयारी तिची?"

भिवापूरचा बाजार दुपारी भरणार होता. पावसाळाभर मागावर बसून विणलेली लुगडी आज तिथे पोचली नाहीत, तर लग्नसराईपर्यंत ती उंदरांनीच नेसायची.

गाडी त्याने श्रावणात घेतली. धंतोलीच्या मधुकररावांनी ही स्टेशन वॅगन बारा वर्षं घरच्या घरी वाढवली होती. फार तर देवळापर्यंत, तेही ऊन उतरल्यावर. इतकी कमी चाललेली गाडी पाहून लहानूचा तोल गेला. "सून म्हणून नाही बाबूजी, लेक म्हणून नेतो," असं तो बोलून बसला. म्हातारबुवांनी डोळे पुसले आणि किल्ली दिली. तेव्हापासून तिशीतला लहानू सत्तरीतल्या मधुकररावांचा व्याही होता. दर रविवारी ते पाचपावलीला लहानूच्या घरी येत. रेडिएटरला पाणी पाजत, टायर चाचपत, बॉनेटला कान लावून "वाळलीस गं" म्हणत. लहानूला स्वतःच्या गाडीत धड टेकून बसणं जमेना. हॉर्न वाजवायचा तरी आधी मागेपुढे बघून घेई.

"कुठं जायचं हाये तिले?"

"माहेरी. पहिल्या दिवाळीला मुलगी सासरी ठेवतात का?" मधुकररावांनी मागचं दार उघडलं. "अरे देवा! सणासुदीलाही ओझं?"

त्यांनी एक गठ्ठा बाहेर काढला. लहानूने तो आत टाकला. त्यांनी पुन्हा काढला.

"बाबूजी, गाडी हाये हे. लोखंडाची!"

"अंगाने. स्वभावाने नाही."

शेजारीपाजारी जमले. सुनेला उपाशी ठेवणाऱ्या घराकडे बघावं तसे सगळे लहानूकडे बघू लागले. पानठेलेवाला तर ठेला सोडून आला. "धाडून द्या ना गा लहानूभाऊ. चार दिवसांचा तं सवाल हाये."

"गोपिके!" लहानू ओरडला. "सांग वं यायले काही!"

त्याची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. आधी डब्यावरच्या हळदकुंकवाकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. तशीच आत गेली. परत आली तेव्हा हातात कापडी पिशवी होती. पिशवी ओट्यावर ठेवून तिने उरलेले गठ्ठे एकेक करून खाली उतरवले. पिशवी उचलली, गाडीत चढली आणि ती मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली.

"तू कुठं चालली?"

"माहेरी."

"तुयं माहेर पवनीले. हे गाडी धंतोलीले चालली!"

"पवनीहून कोन आलं मले न्यायले, इतक्या वर्षांत?" गोपिका समोर बघत म्हणाली. "मलेबी लेक म्हणूनच आणलं होतं. मांडवात तुमचे बाबा असंच बोलले होते."

पानठेलेवाल्याने तोंडातलं पान चघळणं थांबवलं.

"अन् हे लुगडे?"

"यष्टी हाये ना. मी तं तिच्यातच जात आली."

मधुकररावांनी ऑइलचा डबा पुढच्या सीटवर ठेवला. टोपी सारखी केली. गोपिकेकडे त्यांनी पाहिलं, तिच्या बाजूची काच बाहीने पुसली, आणि किल्लीसाठी लहानूपुढे हात केला.

"भाऊबीज झाली की आणून सोडतो," ते म्हणाले. "दोघींना."