वेढ्याबाहेर

सासऱ्यांनी तोफ पूर्वेच्या बुरुजासमोर आणून ठेवली आणि ते खोकले.

जावयानं मान वर केली नाही. डावात घाबरले की सासरे खोकतात, हे त्याला बायकोनं सांगून ठेवलं होतं. बापाची एकेक सवय तिनं महिनाभरात नवऱ्याकडून पाठ करून घेतली होती.

खेळ होता जुन्या काळातल्या एका वेढ्याचा. एकानं किल्ला सांभाळायचा, दुसऱ्यानं तो घेरायचा. दर फेरीला किल्ल्यातली धान्याची एक सोंगटी उचलली जायची. धान्य संपलं किंवा किल्लेदार सापडला की किल्ला शरण. पण त्याआधी किल्लेदार पटाच्या कडेबाहेर निसटला, तर घेरणारा हरला. क्लबच्या स्पर्धेची ही फायनल, आणि जावयाच्या वाट्याला आला किल्ला.

"सवय आहेच यांना कोंडून राहायची," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. घरजावयाला असले विनोद पचवावेच लागतात. तोही हसला.

खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. लग्न झाल्यापासून तो सासऱ्यांच्या रंगांच्या दुकानात होता. शेड कार्डं उलगडायची, डबे हलवायचे, भिंत नीट वाळू द्या म्हणून गिऱ्हाइकाला बजावायचं. खाली काम, वर घर. टर्पेंटाइनचा वास उशीलासुद्धा यायचा. दुसऱ्या शहरातल्या मित्रानं त्याच्यासाठी नकाशे काढायची नोकरी धरून ठेवली होती. पण तो विषय निघाला की सासरे मुकाट्यानं जेवण उरकत आणि उठून जात. ते सरळ नाही म्हणत नसत, त्यामुळे धड भांडताही येत नसे.

शेवटी पैज लावून दिली ती बायकोनं. बाप आणि नवरा दोघेही फायनलला पोचले, त्या संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "बाबा, तुम्ही जिंकलात तर हा दुकान सोडायचं नाव काढणार नाही. हा जिंकला तर तुम्ही अडवायचं नाही. कबूल?"

सासऱ्यांनी हातातला घास खाली ठेवून लेकीकडे पाहिलं.

"तुला हेच हवंय?"

"हो."

"कबूल," ते म्हणाले. माणूस शब्दाचा पक्का होता.

दुसऱ्या दिवसापासून, नवऱ्याला सराव करता यावा म्हणून, ती स्वतः काउंटरवर बसायला लागली. संध्याकाळी दमून वर यायची, तरी पट मांडून बापाच्या चाली खेळायची. बायको अशी पाठीशी उभी राहिलेली पाहून त्याला भरून यायचं. एकदा त्यानं विचारलं, "तिकडच्या घराला कुठला रंग देऊ या?"

"आधी जिंक तर," ती म्हणाली होती.

आता जिंकणं अवघड दिसत होतं. 'बाबा नदीकडे कधी पहारा ठेवत नाहीत' ही तिची सगळ्यात मोठी खूण. आज मात्र नदीकाठी दोन दोन चौक्या उभ्या होत्या. म्हातारा जिवावर उदार होऊन खेळत होता. जावयाचा सदरा पाठीला चिकटला. हॉलच्या खिडक्या बंद, चारी बाजूंनी खुर्च्या, खुर्च्यांमध्ये दुकानातले दोघे कामगारही. आज हरलो तर मरेपर्यंत डबेच हलवायचे.

"जावईबापू," सासरे हळूच म्हणाले, "इथं काय कमी आहे हो तुम्हाला?"

"तुमची चाल आहे, बाबा."

"माझं काही चुकलं का?"

"पटावर बोलायचं नाही," पंच म्हणून बसलेल्या दंतवैद्यांनी दटावलं. त्यांच्यापुढे एरवीही कोणाला बोलता येत नसे.

धान्याच्या चारच सोंगट्या उरल्या. जावयानं दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. तिनं मूठ घट्ट आवळली होती. तिचा चेहरा पाहून त्याला धीर आला, आणि त्यानं कोणी न केलेली गोष्ट केली. किल्ल्याचा मुख्य दरवाजा स्वतःच उघडला.

हॉलमध्ये कुजबुज झाली. सासरे पटावर वाकले. समोर अख्खा किल्ला मोकळा. मोह कोणाला आवरतो? त्यांनी सैन्य आत घातलं, नदीवरच्या चौक्याही आत ओढल्या. बुरुज पडले, तटबंदी पडली. आणि तेवढ्यात किल्लेदार मागच्या उतारावरून नदीत शिरला.

सासऱ्यांनी सैन्य मागे घ्यायला हात पुढे केला. परत फिरायला जागाच नव्हती. त्यांचंच सैन्य त्यांच्या वाटेत उभं होतं. पुढच्या फेरीला किल्लेदार पटाबाहेर.

"किल्ला गेला, किल्लेदार सुटला," दंतवैद्यांनी जाहीर केलं. टाळ्या वाजल्या.

सासरे बसूनच राहिले. मग त्यांनी टेबलावरून जावयाचा हात धरला. त्यांचे डोळे भरले होते.

"अडवायचं तेवढं अडवलं रे मी, पोरा," ते म्हणाले. आजवर त्यांनी त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. एवढ्याशा दुकानासाठी म्हातारा रडतोय, याचं त्याला वाईट वाटलं. पण आत आनंद इतका मावेनासा झाला होता की त्यानं हात सोडवून घेतला आणि खुर्च्यांमधून वाट काढत बायकोपाशी धावला.

"सुटलो गं!" तो म्हणाला. "चल, आजच सामान बांधायला घेऊ."

"बांधून झालंय," ती म्हणाली. "तुझं."