दिसतो, वाजत नाही

ओरखडा नऊ मिलिमीटर लांबीचा होता, केसाएवढा बारीक, खाचांना जवळजवळ काटकोनात छेदून गेलेला. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरली की दिसे, सरळ धरली की नाहीसा होई. कव्हरबरोबरच्या कार्डावर एकहार्ट लामर्सने पेन्सिलने लिहिलं होतं, 'दुसरी बाजू, एक ओरखडा. दिसतो, वाजत नाही.'

ती रेकॉर्ड आणि ते कार्ड घेऊन फ्राउके टीमान म्युन्स्टरहून बोखुमला त्याच्या घरी आली होती, रविवारी दुपारी, कॉफीच्या वेळेला. अकरा वर्षं ती एकहार्टकडच्या जादा प्रती विकत घेत होती. वर्षातून दोनदा भरणाऱ्या रेकॉर्डांच्या बाजारात त्याचं टेबल असे, आणि त्याने कार्डावर जे लिहिलं ते कुणी तपासून बघत नसे. आपल्या प्लेयरवर काहीतरी गडबड वाटते, तुमच्याकडे एकदा ऐकायची आहे, एवढंच ती फोनवर म्हणाली होती.

एकहार्टच्या बैठकीच्या तीन भिंती रेकॉर्डांनी भरलेल्या होत्या. सव्वीसशेच्या आसपास. त्या नावांप्रमाणे नव्हे, गावांप्रमाणे आणि देशांप्रमाणे लावलेल्या होत्या. कोलोन दाराशी, म्युनिक खिडकीपाशी, स्वीडन आणि जपान खाली, गुडघ्यांना त्रास देणाऱ्या कप्प्यात. गाणारी माणसं त्याला फारशी चालत नसत. शब्द आले की वाद्यं अदबीने मागे सरतात, आणि ते त्याला बघवत नाही, असं तो सांगे. फ्राउकेने आणलेली रेकॉर्ड १९७२ सालची, चौघांच्या एका बँडने काढलेली एकुलती एक. दुसऱ्या बाजूला सुरुवातीची सात मिनिटं नुसता ऑर्गन आणि बास. ड्रम त्यानंतर येतात आणि मग भिंत हलते.

त्याने सुई ठेवली. ऑर्गन सुरू झाला. दोन-तीन मिनिटांनी फ्राउकेचं बोट खुर्चीच्या हातावर आपटू लागलं.

रेकॉर्डला एका फेऱ्याला एक पूर्णांक आठ दशांश सेकंद लागतात, आणि वाजणारा ओरखडा दर फेऱ्याला एकदा टक् करतो. बोट तेवढ्याच अंतराने पडत होतं.

"येतंय ना ऐकू?" तिने विचारलं.

"ऑर्गन? उत्तम येतोय."

मग त्याने तिला तिच्या सुईबद्दल विचारलं, सुईच्या वजनाबद्दल विचारलं, आणि प्लेयरवर मांजर झोपतं का, तेही विचारलं.

"माझ्याकडे मांजर नाही, एकहार्ट," फ्राउके म्हणाली. "आणि आत्ता वाजतोय तो प्लेयर तुमचा आहे."

त्याने आवाज वाढवला. ऑर्गन मोठा झाला, बास पोटात उतरला. बाकी काही नाही.

त्याची बायको रेनाटे टेबलापाशी आलुबुखाराचा केक कापत होती. तिला हे संगीत कधीच आवडलं नव्हतं. लिफ्ट अडकल्यासारखं वाटतं, असं ती पाहुण्यांना सांगे. ती पाठमोरी होती. तिची सुरी केकमध्ये अर्धी गेलेली होती, आणि तिची मान अगदी थोडी हलत होती, फ्राउकेच्या बोटाबरोबर. तिला ते बोट दिसत नव्हतं.

एकहार्टने पोलादाच्या कारखान्यात चाळीस वर्षं मापनयंत्रं तपासली होती. दोन यंत्रं एकमेकांपासून वेगळी, दोन्ही एकच आकडा दाखवतात, आणि तिसरं काहीच दाखवत नाही, तेव्हा खोलायचं कोणतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याने सुई उचलली.

कधीपासून, असं त्याने रेनाटेला विचारलं. तिने सुरी खाली ठेवली आणि सांगितलं, ओव्हनचा टायमर वाजलेला तुला कळेनासा झाला तेव्हापासून. चार वर्षं. तेव्हापासून ती कानांच्या डॉक्टरांचं नाव काढत होती, आणि बाजार होऊ दे, मग जाऊ, असं तो म्हणत होता. असे सात बाजार झाले होते. डावा कान जरा थकलाय, यंत्रं त्या बाजूला होती, यापलीकडे त्याने काही कबूल केलं नव्हतं. कानात मशीन घातलं की ऑर्गनचा पत्र्याचा डबा होतो, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

"माझी रेकॉर्ड मी परत घेऊन जाणार आहे," फ्राउके कपाकडे बघत म्हणाली. "पैशांसाठी आले नाही. वसंतातल्या बाजारात लोक तुमची कार्डं वाचत होते, आणि मग पलीकडच्या टेबलावर नेऊन रेकॉर्ड वाजवून बघत होते. तुम्हाला कुणी सांगणार नाही. म्हटलं, आपण जावं."

एकहार्ट भिंतीपाशी गेला. मधल्या कप्प्यातून त्याने एक रेकॉर्ड अर्धी ओढली, कार्डावरची तारीख पाहिली, परत ढकलली. दुसरी ओढली. तिसरी. चार वर्षांत त्याने चारशेच्या वर रेकॉर्ड ऐकून कार्डं लिहिली होती. एका कार्डावर, ठळक आणि खाली रेघ मारून, 'पूर्ण शांत' असं होतं. ते त्याने रेनाटेला दाखवलं.

"हिच्यात?"

रेनाटेला आठवायला वेळ लागला नाही. "पाऊस पडतो तसं. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

तो हसला. फ्राउकेही हसली, थोडी उशिरा. रेनाटेने केकचा तुकडा बशीत ठेवून त्याच्यापुढे केला. तो त्याने घेतला, पण उभ्यानेच, आणि खाल्ला नाही. खाली रस्त्यावरून ट्राम गेली असावी, कारण त्या दोघींनी एकदमच खिडकीकडे पाहिलं.

"उद्या सकाळी त्या डॉक्टरीणबाईंना फोन कर," तो रेनाटेला म्हणाला. "दोन्ही कानांचं सांग."