हिरवं मनगट

दवाखान्याच्या अंगणात मुख्याध्यापिका मुळीकबाई शाळेच्या दोन्ही स्वयंपाकिणींची मनगटं पालकांसमोर तपासत होत्या. आत शाळेची खिचडी खाल्लेली चौदा पोरं सलाइनवर होती.

पारूच्या मनगटावर चिकटवलेली तपासणीची टिकली जांभळी निघाली. पोटातले जंतू पुरेसे जमले की एकमेकांना हाका मारतात आणि मगच विष सोडतात. ती हाक लागली की टिकली जांभळी होते. रोजच्या गोळीने जंतू बहिरे राहतात आणि टिकली हिरवी; एकदम फार जंतू पोटात गेले तर मात्र एक गोळी पुरत नाही. जांभळ्या हाताने चुलीजवळ जायचं नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

"मी गोळी चुकवली नाही हो," पारू रडत म्हणाली. "उरलेली खिचडी तेवढी खाल्ली."

शेजारी उभ्या दुसऱ्या स्वयंपाकिणीने, सगुणाने, मान खाली घातली. परवा तिचा हरताळकेचा निर्जळी उपास होता. घोटभर पाणी लागतं म्हणून तिने गोळी घेतली नव्हती. दुपारी टिकली जांभळी झाली, तेव्हा घरी जायचं सोडून तिने हिरवा चुडा खाली ओढून ती झाकली, आणि नेहमीसारखी हाताने मोकळी करून खिचडी वाढली. काल उपास सोडल्या सोडल्या दोन गोळ्या घेतल्या.

मुळीकबाईंनी तिचा चुडा वर सारला. टिकली हिरवीगार होती.

"हे बघा," त्यांनी तिचा हात सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. "अशी माणसं हवीत चुलीपाशी."

"सगुणाताई, तुम्ही तरी सांगा ना यांना," पारू म्हणाली. "रोज तुमच्यासमोरच तर घेते मी गोळी."

सगुणाचा हात अजून वरच होता.