नायकाचं कडं

"कडं काढा," एमआरआय मशीनवरचा अल्ताफ म्हणाला.

हेमसिंगने हात पुढे केला आणि हसला. मनगटातलं चांदीचं कडं पंजापाशी अडलं होतं. पंजा कसला, सूप होतं ते. "नायकी आली तवा सटकन गेलं होतं," वाशिमच्या त्या तपासणी केंद्रातल्या सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं तो म्हणाला. "आता निघत नाई. हात वाढला ना माहा."

मानोऱ्याकडच्या एका बंजारा तांड्याचा हा नायक, म्हणजे प्रमुख. साठीतही आपण वाढतोय याचा त्याला कोण अभिमान! जुनी चप्पल पायात जात नाही, जबडा पुढे आलाय, दातांत फटी पडल्यात, आणि हा मिशीला पीळ देत ते तांडाभर सांगत फिरतो. डॉक्टरने नीट समजावलं होतं. डोक्यात वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यावर गाठ आली आहे, म्हणून ती वाढीचा रस नको तितका सोडतेय. बाहेर हातपाय वाढले, तशी आत प्रोस्टेटही वाढली आणि लघवी तुंबली. आता डोक्याचा एमआरआय काढायचा. डोक्यातली गाठ डोळ्यांच्या नसा दाबत असेल तर नजर जाईल. एवढ्या सगळ्यातून या गृहस्थाने एकच गोष्ट उचलली.

"डाक्टरच म्हन्ला, वाढीचा रस माह्याजवळ लोकायपेक्षा जास्त हाये," त्याने शेजारच्या म्हाताऱ्याला सांगितलं.

म्हातारा नळीकडे बघत होता. नळी हेमसिंगच्या धोतरातून निघून त्याच्या बायकोच्या, सुंदरबाईच्या पदराखाली गेली होती. तिथे लघवीची पिशवी होती. नायक आपली पिशवी आपण कशाला धरेल? बसमधून उतरल्यापासून सुंदरबाई ती धरून मागे मागे चालत आली होती, नवरीमागे करवली चालते तशी.

अल्ताफने शेजारच्या दुकानातून कटर आणलं. "काका, मशीनजवळ धातू चालत नाई. कापून घेऊ, मंग सोनार जोडून देते."

हेमसिंगचं हसू मावळलं. "कडं कापाले मी काय कैदी हावो? अन मले येक सांग. मूत अडकलं खाली, फोटो डोक्स्याचा काहून?"

"डॉक्टरनं सांगतलं ना तुमाले."

"अन गाठ काढल्यावर हात लायने झाले त?"

अल्ताफने कटर बाकावर ठेवलं. डोळे गेले तरी चालतील, पण पंजा मोठाच हवा. असल्या माणसापुढे अख्खा तांडा मान खाली घालून बसतो!

हेमसिंग उठला. "चाल वं," म्हणाला आणि छाती काढून दाराकडे निघाला. तो उठला की सुंदरबाई उठते, हे इतकी वर्षं चालत आलेलं. मागे वळून बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

सुंदरबाई उठली नाही.

नळी ताणली आणि नायक जागच्या जागी थांबला, दावं संपलेल्या बैलासारखा. त्याच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला. बाकावरची एक बाई हसली.

"ऊठ ना वं," तो दबक्या आवाजात म्हणाला.

सुंदरबाईने पिशवी पदराखालून काढली आणि सगळ्यांसमोर मांडीवर ठेवली. वर दोन्ही हात ठेवले. "तुमी आंधळे झाल्यावर हात धरून मलेच फिरवा लागन. तुमचा एवढाला हात माह्या हातात मावत नाई. आदी कडं कापा, मंग उठन मी."

"लोकं पाहून राह्यले, सुंदरे."

"पाहू द्या. वाढ दाखवाले आले होते ना?"

पुढे जाता येत नव्हतं. हेमसिंग मागे सरकला, नळी सैल पडली. तो बायकोशेजारी बसला आणि कुणाकडे न बघता त्याने अल्ताफपुढे हात केला.

कडं तुटलं आणि फरशीवर पडलं. ते उचलायला तो वाकणार, तेवढ्यात सुंदरबाईने त्याच्या मोकळ्या हातात पिशवी ठेवली.

"धरा," ती म्हणाली. "मोठा हाये ना तुमचा हात."