पावलांची ओळख

तन्मय गेल्यापासून सुनेत्राबाई घराबाहेर पडल्या नव्हत्या. पादरा गावाच्या रस्त्यावर त्यांच्या या एकुलत्या एका मुलाला अपघात झाला, त्याला वर्ष होत आलं होतं. त्या रविवारी दुपारी तरसालीतल्या मराठी मंडळींच्या बैठकीला नवऱ्यानं, गजेंद्ररावांनी, त्यांना आग्रह करकरून आणलं.

तिथं प्रत्येकानं आपला एक छुपा गुण सांगायचा होता. कुणी कान हलवून दाखवले, कुणी बाराखडी उलटी म्हटली.

"मला पावलांवरून माणूस ओळखता येतो," सुनेत्राबाई हळूच म्हणाल्या.

शेजारच्या रसिकानं त्यांच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. एकेक जण दारापासून चालत आला आणि त्या नाव सांगत गेल्या. एकही चुकलं नाही. बायकोला इतक्या दिवसांनी हसताना पाहून गजेंद्ररावांना भरून आलं.

सगळे जागेवर बसले. रसिका ओढणी सोडायला वाकली.

"थांब गं, अजून एक जण येतोय." सुनेत्राबाईंनी कान दिला. "तन्मय, सावकाश रे. फरशी गुळगुळीत आहे."

गजेंद्ररावांनी त्यांचा हात घट्ट धरला. "सुनेत्रा, कोणी नाही गं तिथं."

त्यांनी केविलवाणं होऊन बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्यांच्या नजरा दारापासून हळूहळू पुढे सरकत होत्या. त्या नजरा गजेंद्ररावांच्या अगदी शेजारी येऊन थांबल्या.

रसिकानं सरकून जागा केली. "आव ने भाई, बस," ती गुजरातीत म्हणाली.

"बाबांशी बोल रे," सुनेत्राबाई म्हणाल्या.

गजेंद्रराव त्या रिकाम्या जागेकडे डोळे फाडफाडून पाहत राहिले. समोरची माणसं मात्र, कुणाचं तरी बोलणं ऐकावं तशी, मान हलवत डोळे पुसत होती.