बोर्डावरचा शेवटचा टॅग

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या आमच्या केमिकल प्लांटमध्ये टाकीत उतरणारा माणूस स्वतःचा पितळी टॅग बाहेरच्या बोर्डावर अडकवतो आणि वर आल्यावर स्वतःच काढतो. दुसऱ्याच्या टॅगला हात लावायचा नसतो. मी लावला. शिफ्ट संपली होती, कंपनीची बस उभी होती. माझ्या हाताखालचा प्रबोध टॅग काढायला विसरला असणार, असं धरून मी तो काढला आणि टाकीचं झाकण लावायला सांगितलं.

प्रबोध आतच होता.

तेव्हापासून रोज सकाळी बिशान भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी फोनवरचं ध्यान ऐकते. त्यातली बाई सांगते, "श्वास सोडा आणि म्हणा, मी स्वतःला माफ केलं." मी म्हणते. लगेच बोर्डावर पितळ आपटल्यासारखा आवाज येतो. टिंग.

"अगं, यात असलं काहीच नाहीये," माझा नवरा क्षितिज म्हणाला. त्यानं दोनदा ऐकलं.

आज मी कामावर परत जाणार होते. क्षितिज पळायला गेला होता, घरात मी एकटीच. डोळे मिटून मी वाक्य म्हटलं. टिंग. पुन्हा म्हटलं. टिंग, अगदी कानाशी.

"वाजव किती वाजवायचं ते!" मी ओरडले. "चूक माझी होती, ती मी सगळ्यांसमोर कबूल केली. आता रोज रोज मरणार नाही मी. माफ केलं मी स्वतःला!"

आवाज थांबला. शेजारी कुणीतरी सावकाश श्वास सोडला.

"छान," फोनमधली बाई म्हणाली. "आता दोघंही डोळे उघडा."

मी मिटलेलेच ठेवले.

बाई पुढे म्हणाली, "आधी तू उघड, प्रबोध."