मिशीची पैज

"निसारभाई, तुमच्या त्या खेळण्यातून माझ्या जुन्या डीएसएलआरपेक्षा भारी फोटो निघाला ना, तर भर चौकात मिशी उतरवीन!" कोंडाजीभाऊंनी अख्ख्या सोसायटीसमोर पैज मारली. दोघांनी वेगवेगळ्या दिवशी गंगापूर धरणावरचे बगळे टिपले, सोसायटीनं मतं दिली, आणि निसारभाईंचा नवा सुपरझूम कॅमेरा जिंकला.

रविवारी चौकात न्हाव्यानं खुर्ची मांडली. बघ्यांत सगळ्यांच्या पुढे भाऊंची बायको सुवर्णा. लग्नापासून तिचं एकच टुमणं, "ती मिशी काढा हो, दरोडेखोर दिसता."

अर्धी मिशी उतरल्यावर भाऊ म्हणाले, "आणा तो निसारभाईंचा फोटो. हरलो कशापायी, ते तरी नीट बघू द्या!"

बगळा झकास होता. पण आभाळात, उजव्या कोपऱ्यात, एक काळा ठिपका. भाऊ गारच पडले. त्यांच्या डीएसएलआरमध्ये धूळ बसली होती, आणि त्यांच्या प्रत्येक फोटोत तो ठिपका नेमका तिथंच यायचा. कॅमेरा तर घरी, कुलूपबंद कपाटात असायचा!

त्यांनी मान वर केली.



कमरेच्या किल्ल्या खुळखुळवत सुवर्णा न्हाव्याला म्हणाली, "थांबलात काय दादा? उरलेली पण काढा की!"